इंचभर माया

सुताराने चाळीस वर्षांत दोन-अडीचशे घरांची दारं-खिडक्या बसवल्या होत्या, पण घराचं माप द्यायला कुणी वर्तमानपत्रावर आडवं झालेलं त्याने पाहिलं नव्हतं. त्याची वहिनी झाली. भर दुपारी त्याच्या कारखान्यात, लाकडाच्या भुशावर चार वर्तमानपत्रं पसरून, ती उजव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन पडली आणि त्याच्या बायकोला म्हणाली, "हं, घे खडू. मार माझ्याभोवती रेघ."

"जाऊबाई, हलू नका हं, नाहीतर नाकच जायचं," म्हणत बायकोने हसत हसत रेघ मारली.

वहिनी उठली, अंगावरचा भुसा झटकला आणि गळ्यातला टेप काढून त्या आकृतीला लावला. "पाय पसरायला फूटभर धरून पाच फूट बाय अडीच फूट. झाला पलंग."

"वहिनी, पलंग सहा फुटी असतो," सुतार म्हणाला.

"कुणाचा?"

सुताराने पाच बाय अडीच लिहून घेतलं.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. उंची जेमतेम पावणेपाच फूट, आवाज मात्र तिसऱ्या मजल्यावर ऐकू जाईल असा. भाऊ तीन वर्षांपूर्वी गेला, तेव्हा "दुकान जवळ पडतं" असं सांगून ती घर सोडून आपल्या शिलाईच्या दुकानामागच्या दीड खोलीत राहायला गेली. अर्ध्या वस्तीचे कोट, शाळेचे गणवेश आणि पडदे तिच्या मशीनखालून गेलेले होते. आता घरमालकाने ती इमारत पाडायला काढली होती, आणि पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळपर्यंत खोलीची किल्ली त्याच्या हातात द्यायची होती. दुकानाला नवा गाळा मिळाला, पण त्याच्यामागे खोली नव्हती. सुतार आणि त्याची बायको, दोघांनी सांगून सांगून जीभ झिजवली: घरी परत या, मागची तुमची खोली रिकामीच आहे. बायकोने तर त्या खोलीसाठी नवे पडदेही केले, तेसुद्धा वहिनीकडूनच शिवून घेऊन.

वहिनीने पडदे शिवून दिले आणि म्हणाली, "पाहुणी म्हणून येईन की. चांगली आठ आठ दिवस येईन. पण राहायला मला माझं घर हवंय."

"दोन महिन्यांत घर आणणार कुठून?"

"आणायचं कशाला? शिवायचं," वहिनी म्हणाली.

वस्तीच्या टोकाला झाडांची नर्सरी होती आणि नर्सरीची मालकीण वहिनीची जुनी गिऱ्हाईक होती. तिने एक कोपरा देऊ केला. एका बाजूला कुंपणाची कमरेएवढी भिंत, दुसऱ्या बाजूला कुंड्यांची उंच शेड, आणि मध्ये आठ फूट एक इंचाची चिंचोळी जागा. गवंड्याने तिथे पक्की जमीन करून दिली. वहिनीने जागा पाहिली, टेप लावला आणि जाहीर केलं की घर आठ फूट रुंद आणि चौदा फूट लांब असेल.

"दोन्हीकडे अर्धा अर्धाच इंच राहतोय," सुतार म्हणाला. "साडेसात करा. सुतारकामात थोडं इकडेतिकडे होतं."

"सहा इंच म्हणजे माझ्या मशीनमागे बसायची जागा, भावजी. ती मी कुंड्यांना देऊ?"

सुताराने हात टेकले. खरं तर हे सगळं म्हातारपणचं खूळ आहे असंच त्याला वाटत होतं. पण पुढचा महिनाभर तो वहिनीकडे पाहत राहिला आणि त्याचं मत हळूहळू बदलत गेलं. ती घराचं माप अंगावर घेत होती. कोपर दुमडून उभी राहायची आणि म्हणायची, "इथे ओटा." हात वर करून चवड्यांवर न उठता बोट जिथे पोचेल तिथे वरची फळी. खुर्चीवर बसून मान डावीकडे वळवली की नजर कुंपणावरून पलीकडे जिथे जाईल तिथे खिडकी, कारण सुई ओवताना उजेड डावीकडून लागतो. झाडू कुठे टेकेल, ओली छत्री कुठे ठिबकेल, चष्मा रात्री कुठे ठेवला की सकाळी न चाचपडता सापडेल, हे सगळं तिचं ठरलेलं होतं. मोठमोठ्या बंगल्यांचे नकाशे सुताराने पाहिले होते. त्यांत दिवाणखान्याची लांबी असायची, पण त्यात राहणाऱ्या माणसाचा हात कुठवर पोचतो हे कुणी लिहिलेलं नसायचं.

एकच भांडण झालं, ते टेपवरून. तिचा टेप कापडी, याचा पोलादी. तिचा टेप वर्षानुवर्षं गळ्यात लोंबून आठ फुटांत पाव इंचाने सैल झालेला. ती म्हणे तुमचा टेप आखडला आहे, तो म्हणे तुमचा पसरला आहे. दोन दिवस कुणी माघार घेईना. शेवटी वहिनीनेच तोड काढली. "टेप राहू द्या दोन्ही. जागेवर दोरी ताणून मी प्रत्येक भिंतीचा कागद बेतते, खराखुरा, पुऱ्या मापाचा. तुम्ही कागद लाकडावर ठेवा आणि कापा. आकडा बोलायचाच नाही."

आणि तिने खरोखरच बेतला! खाकी कागदाचे तुकडे खळीने जोडून चार भिंती, त्यांत दार, खिडक्या, सगळं कापून. मग कारखान्यात दोऱ्या बांधून ते कागद चिमट्यांनी टांगले आणि आत शिरली. याला ती 'ट्रायल' म्हणत होती. कागदाच्या घरात ती खोटा चहा करायची, खोटी मशीन चालवायची, वळायची, वाकायची, मध्येच ओरडायची, "भावजी, कोपर लागतंय, दार चार बोटं सरकवा!" शेजारचा वेल्डर दोनदा काहीतरी निमित्त काढून पाहायला आला. सुतार घरी गेल्यावर जेवताना बायकोला म्हणाला, "बाईला डोकं आहे. आयुष्यभर मी खोल्या बांधल्या आणि मग माणसांना त्यांत कोंबलं. ही आधी माणूस उभं करते."

अजून एक अट तिने घातली होती. एकही खिळा नको, सगळीकडे स्क्रू. "उसवता आलं पाहिजे," ती म्हणाली. घर उसवायची भाषा ऐकून सुतार पोट धरून हसला, पण त्याने स्क्रूच लावले. कागद फळ्यांवर पसरला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की वहिनीने कागदाच्या चारही कडांपासून आत इंचभर खडूची रेघ ओढली आहे. स्क्रू कुठे मारायचे तेही आखून दिलंय! त्याचा ऊर भरून आला. इतकं नेटकं काम त्याला कुठल्या इंजिनिअरने आखून दिलं नव्हतं. त्याने कागदाच्या कडेवर करवत चालवली आणि त्या रेघेवर एकसारख्या अंतरावर एकेक स्क्रू बसवला. दोन लांब भिंती, दोन आखूड, कडेला जाड खांब, आडवे तीन पट्टे आणि त्यांवर उभ्या फळ्या. काम असं झालं की भिंतीवर हात फिरवत राहावं.

शेवटच्या शनिवारी सकाळी भिंती टेम्पोतून नर्सरीत आल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली द्यायची होती. वहिनीचं सामान, म्हणजे मशीन, दोन ट्रंका आणि भांड्यांचं एक खोकं, शेडमध्ये येऊन पडलं होतं. आधी मागची आखूड भिंत उभी करायची होती. सुतार, वेल्डर आणि नर्सरीतले दोघे जण ती उचलून जागेवर घेऊन गेले, आणि भिंत अडकली.

"जरा तिरकी करा," सुतार म्हणाला. तिरकी केली, अडकली. दुसऱ्या टोकाकडून आणली, अडकली. पुढची भिंत लावून पाहिली, तीही तशीच. कुंपण आणि शेड यांच्यामध्ये ती मावत नव्हती, आणि न मावण्याचं प्रमाण अगदी बोटभर होतं. सुताराने महिन्याभरात पहिल्यांदा पोलादी टेप काढला. आठ फूट दोन इंच.

"कागद आणा," वहिनी म्हणाली. कागद आणला. तिने तो भिंतीवर धरला, एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा स्क्रूंच्या ओळीकडे, आणि डोक्याला हात लावला. "भावजी, तुम्ही रेघेवर नाही कापलंत?"

"रेघेवर? रेघ तर स्क्रूंची ना?"

"स्क्रूंची कसली! रेघ म्हणजे माप. रेघेबाहेर असते ती माया. शिवणीसाठी इंचभर माया सोडतात हो सगळीकडून!"

"सुतारकामात माया नसते, वहिनी," सुतार केविलवाणा होऊन म्हणाला.

"ते दिसतंच आहे," वहिनी म्हणाली.

वेल्डर हसला आणि लगेच गप्प झाला, कारण बाकी कुणीच हसलं नव्हतं. उंची दोन इंच वाढली होती, तिचं काही बिघडत नव्हतं. लांबीला जागा ऐसपैस होती. रुंदीत मात्र घर जागेपेक्षा एका इंचाने मोठं होतं. आणि त्या क्षणी सुताराला बरं वाटलं. वहिनी आता घरी येईल, मागच्या खोलीत मशीन खडखडेल, थोरला भाऊ आठवला की मान खाली घालावी लागणार नाही. हे सगळं पापणी लवायच्या आत मनात येऊन गेलं आणि त्याची त्याला लाज वाटली.

बायकोने त्याला शेडमागे ओढलं. "खरं सांगा. मुद्दाम केलंत?"

"वेड लागलंय का तुला?"

"नाही, चाळीस वर्षांत तुमची फळी सूतभर चुकली नाही, म्हणून विचारलं," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता निघून गेली. सुतार तिथेच कुंड्यांमध्ये उभा राहिला. मुद्दाम केलं नव्हतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण तो जर मनाने साफ असता तर एवढा वेळ उभा राहिला नसता.

परत येऊन तो वहिनीला म्हणाला, "कडा कापता येणार नाहीत. खांब कडेलाच आहेत, ते गेले तर भिंतीत दम राहणार नाही. दोन्ही आखूड भिंती नव्याने करायला हव्यात. आठ दिवस लागतील. तोपर्यंत घरी चला."

"तोपर्यंत," वहिनी म्हणाली. ती मशीनच्या पेटीवर बसली होती. "फार लांबलचक शब्द आहे तो, भावजी. मी लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या आईने सांगितलं, ओटा तुला उंच पडतोय, आपण बदलून घेऊ, तोपर्यंत या खोक्यावर उभी राहा. सदतीस वर्षं खोक्यावर उभी राहून स्वयंपाक केला मी."

सुताराला ते खोकं आठवलं. आठवणारच, कारण त्यानेच ते ठोकलं होतं. तेव्हा तो नुकता काम शिकत होता. चारही पाय एका मापाचे आले म्हणून त्याला कोण आनंद झाला होता, आणि नव्या वहिनीने त्याला शाबासकीही दिली होती. ओटा खाली घ्यायचं काम एका दिवसाचं. पुढे तो नावाजलेला सुतार झाला, लोकांचे शेकडो ओटे त्याने वर-खाली केले. घरातला तो ओटा अजून तसाच होता. वहिनीने कधी सांगितलं नाही आणि त्याने कधी तिच्या पायांखाली पाहिलं नाही. आत्ता, चार माणसांसमोर, त्याला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिची नजर भिंतीवर होती. मग ती एकदम उठली, त्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हर जवळजवळ हिसकावूनच घेतला आणि आडव्या पडलेल्या भिंतीजवळ जाऊन गुडघ्यांवर बसली.

"दोन्हीकडे विणलेली किनार असलेला पडदा मोठा झाला तर आम्ही काय करतो, सांगा."

"मला काय माहीत?"

"किनार कापत नाही. मधून चूण घेतो. कडा तशाच राहतात आणि पोटातून कापड आत जातं." तिने भिंतीच्या मधल्या फळीवर बोट ठेवलं. "ही फळी काढा. मागचे आडवे पट्टे मध्ये कापा आणि दोन इंच एकमेकांवर चढवा. भिंत आठ फूट होते का नाही?"

सुतार वाकला. त्याने ओठ हलवत मनात हिशेब मांडला. पट्ट्याची अर्धी जाडी इकडून काढायची, अर्धी तिकडून, दोन इंचांच्या खाचा एकमेकींत बसवायच्या, आरपार बोल्ट, मागून एक उभा टेकू. काढलेली फळी दोन इंच अरुंद करून पुन्हा जागेवर. खांबांना हात लावायचा नाही. त्याने पुन्हा पहिल्यापासून सगळं तपासलं, कुठे तरी चूक सापडेल म्हणून. सापडली नाही. सुतार नेहमी कडेपासून विचार करतो, मधून भिंत आत घ्यायची ही गोष्ट त्याला सात जन्मांत सुचली नसती.

"होते," तो म्हणाला. "आणि मजबूतही होते."

"मग उसवा," वहिनी म्हणाली, आणि पहिला स्क्रू तिने स्वतःच काढला.

खिळे असते तर फळ्या फुटल्या असत्या. स्क्रू मुकाट्याने निघत गेले. सुताराने खाचा कापल्या, आणि त्या दुपारी त्याच्या हाताने जसं काम केलं तसं बऱ्याच वर्षांत केलं नव्हतं. बायको स्क्रू एका डब्यात गोळा करत होती आणि मध्येच त्याच्याकडे पाहून डोळ्यांनीच 'चुकले मी' म्हणत होती. पुढच्या भिंतीत मध्ये दार होतं, तिथे वहिनीने दारालगत चूण घेतली. अंधार पडायच्या आत मागची भिंत जागेवर सरकली. दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा इंच, जसा तिने सांगितला होता तसा. नर्सरीच्या मालकिणीने टाळ्या वाजवल्या. रविवारी दुपारपर्यंत चारही भिंती एकमेकींना जोडल्या गेल्या, वर पत्रा चढला, आणि चार वाजता वहिनी घरमालकाच्या हातावर किल्ली ठेवून परत आली.

त्यानंतर सुताराला दिवसाआड नर्सरीवरून जायचं काही ना काही काम निघू लागलं. कधी बिजागरीला तेल, कधी फळीला रंधा. लोक घर पाहायला येत तेव्हा तोच पुढे होऊन दाखवायचा: पलंगाखालचे खण, खिडकीची खालची फळी उचलली की होणारं कापायचं टेबल, कोपराच्या मापाचा ओटा. भिंतीतल्या जोडावर बोट ठेवून तो सांगायचा, "ही टीप वहिनींची आहे, माझी नाही." घरातला जुना ओटाही त्याने एका सकाळी फोडून खाली घेतला. बायको उंच असल्यामुळे तिला आता वाकावं लागत होतं, म्हणून आठवड्याने तो पुन्हा वर चढवला. बायकोने त्यावर बरंच तोंडसुख घेतलं.

असंच एका दुपारी तो दार घासायच्या निमित्ताने आला होता. दार अजिबात घासायला झालेलं नव्हतं. वहिनी खिडकीशी मशीनवर बसली होती, डावीकडून ऊन कापडावर पडलं होतं. तिने उठून दोन पावलांत चहा केला, तिसऱ्या पावलाला कप त्याच्या हातात दिला आणि पुन्हा मशीनवर बसली. सुतार पलंगाच्या कडेवर गुडघे वर करून बसला. हे घर त्याच्या मापाचं नव्हतंच.

"वहिनी," तो म्हणाला, "एक सांगायचंय. त्या शनिवारी भिंत अडकली ना, तेव्हा मला बरं वाटलं होतं. क्षणभरच. पण वाटलं."

मशीन थांबली. "माहीत आहे मला. तोंडावर दिसत होतं तुमच्या."

"राग नाही आला?"

वहिनीने दोरा दातांनी तोडला. "राग कसला? मलाही वाटलं होतं."

सुताराने ओठांशी नेलेला कप खाली घेतला.

"दुकानामागे राहत होते तेव्हा वर माणसं होती, बाजूला माणसं होती. रात्री कुणाच्या तरी खोकण्याचा आवाज यायचा. इथे नर्सरीला कुलूप लागलं की मी आणि कुंड्या. महिनाभर कागद बेतत होते, तुम्हा सगळ्यांवर डाफरत होते, आणि मनातून घाबरले होते. भिंत अडकली तेव्हा मनात आलं, सुटले बाई! आता कुणी विचारलं तर सांगता येईल, मी तर निघाले होते, घरच मावलं नाही." तिने कापड उलटं केलं आणि शिवण बोटाने दाबून पाहिली. "म्हणून तर तुमच्या हातातनं स्क्रू-ड्रायव्हर ओढला. अजून दोन मिनिटं बसून राहिले असते ना, तर तुमच्या टेम्पोत येऊन बसले असते."

सुताराच्या हातातला चहा निवत होता. वहिनीच्या मापांचं, कागदांचं, त्या चुणीचं त्याने गावभर कौतुक केलं होतं. तो स्क्रू-ड्रायव्हर ओढायला लागली तेवढी हिंमत त्यातल्या कशालाही लागली नव्हती, हे त्याला आत्ता कळत होतं. त्याने थंड चहा एका घोटात संपवला.

"आणि आता?" त्याने शेवटी विचारलं. "आता वाटते भीती?"

"वाटते की. संध्याकाळी थोडी वाटते, सकाळी जाते." तिने त्याच्या हातातून रिकामा कप घेतला आणि बसल्या जागेवरून ओट्यावर ठेवला. "चला, निघा आता. जाऊ वाट बघत असेल. मला माझं दार लावायचंय."